दोनशे बारा वाक्यं आणि एक टर्की

सान लुकास यादेनी, ओआहाका
१० फेब्रुवारी

इसाउरा पोरी,

तुझी आजी धडधाकट आहे. गुडघा सोडून. गुडघा वेगळा राहतो, त्याचं नि माझं पटत नाही.

हे पत्र होविता लिहितेय. गिरणी बंद करून तशीच आलीय, बोटांना मक्याचं पीठ आहे. तेव्हा कागदावर डाग दिसले तर ते तिचे आणि शहाणपण दिसलं तर ते माझं. मी आपल्या बोलीत सांगते, ती स्पॅनिशमध्ये उतरवते. काय उतरवते देव जाणे. मला अक्षर ओळखता येत नाही हे तिला चांगलं माहीत आहे.

फोन का नाही करत, विचारशील. फोनवर अर्धं गाव ऐकतं आणि उरलेलं अर्धं तुटक तुटक ऐकतं. पत्र कसं, दोनदा वाचून घेता येतं. पार्सलवाला गुरुवारी लॉस एंजेलिसला निघतोय. त्याच्याकडे वाळल्या मिरच्या, थोड्या कडक त्लायुदा भाकऱ्या आणि हा कागद देतेय.

आता तक्रार ऐक. गावसभेच्या बाजूच्या खोलीत ती तीन इंटरनेटची मशीनं आहेत ना, नाताळाच्या आधी होविता मला तिथे घेऊन गेली. कवळी केवढ्याला पडते ते बघायचं होतं. बघितलं. म्हटलं, राहू दे, उरलेल्या चार दातांवर भागवते. माझा विषय संपला. पण मशीनचा संपला नाही! तेव्हापासून कुणीही त्याच्यापुढे बसलं की दात येतात. मास्तर नकाशा काढायला बसले, दात. बायका कॉफीचा भाव बघायला गेल्या, दात. पाद्रीबाबा कुठल्या संताचं चित्र शोधत होते, तर संताच्या शेजारी हसणारी कवळी! अख्खं गाव विचारतंय, "काय मावशी, बसवली का?" एक गोष्ट मी हळूच विचारली आणि त्या मेल्याने चौकात दवंडी पिटली. एवढी चोंबडी तर दुकानातली चोनासुद्धा नाही. तू तिकडे असली मशीनं हाताळतेस. त्याचं तोंड कसं बंद करायचं ते कळव.

बाकी सगळं ठीक. तुझ्या आईच्या जागेतलं पीचचं झाड फुललंय.

तुझी आजी,
सिरिला

ता.क. हे मी, होविता. मावशींना वाटतंय मी पत्ता लिहितेय. जानेवारीच्या गावसभेत ठरलं की बाहेरगावी गेलेल्यांनीही गावासाठी तेकियो द्यायचाच. बिनपगारी राबायचं, सगळ्यांसारखं. संत लुकासच्या सणाआधी, म्हणजे अठरा ऑक्टोबरच्या आत. नाही दिला तर गावातली त्यांची जागा गावाकडे परत. यादीत तुझं नाव आहे. पीचच्या झाडाची जागा जाईल. हजेरीत तुझं नाव पुकारलं तेव्हा मावशीच "आहे!" म्हणून ओरडल्या. गावप्रमुख अब्दोन सगळ्यांदेखत म्हणाला, दुसऱ्याच्या तोंडची हजेरी चालत नाही. दोन दिवस जेवल्या नाहीत. तुला कळवायचं नाही अशी मला शपथ घातलीय. पण शपथ घेताना माझी बोटं पिठात होती, त्यामुळे ती धरत नाही.

•

लॉस एंजेलिस
१ मार्च

प्रिय आजी,

तुझे दात वाचून मी हॉटेलच्या धुलाईखोलीत इतकी हसले की मुकादमबाई बघायला आली.

त्याचं असं आहे. रानातून चालताना घागऱ्याला कुसळं चिकटतात ना, तशी इंटरनेटवर फिरताना मशीनला चिकटतात. मग घरी आल्यावर कुणीही सांगू शकतं, ही कुठल्या वाटेने आली. मशीनमध्ये आपण ज्या खिडकीतून बाहेर बघतो तिला ब्राउझर म्हणतात. तुमच्याकडचा ती कुसळं झटकतच नाही, उलट जपून ठेवतो. आणि तो आत काय करतो ते बघायची सोय नाही. त्याच्या स्वयंपाकघराला कुलूप आहे.

दुसरा एक ब्राउझर आहे. त्याची चूल अंगणात आहे. कशात काय घातलंय ते कुणीही येऊन बघावं, ढवळावं, मीठ कमी वाटलं तर घालावं. जगभरची हजारो माणसं त्यात राबतात, बरीचशी तर फुकट. शनिवारी मी वाचनालयात आपल्या लोकांना अर्ज भरून देते, तिथे तोच आहे. होविताताईंना तो कसा बसवायचा ते वेगळ्या कागदावर लिहिलंय. शेजारच्या खोऱ्यातल्या झापोतेक बोलीतही तो मिळतो. आपल्या बोलीत अजून कुणी केला नाही. तो मी करते.

होविताताई, इथून पुढचं मोठ्याने वाचू नका. गावसभेला विचारा, हे बोलीचं कामच माझा तेकियो धरतील का? मला येता येत नाही, माझे कागद कचेरीत अडकलेत. निकालाआधी हा देश सोडला तर सात वर्षं पाण्यात. पण ती जागा आईची आहे. तिथे कधीतरी घर बांधायचं एवढ्यासाठीच मी इथे लोकांच्या चादरी धुतेय. ती जाऊ देऊ नका.

तुझी,
इसाउरा

•

सान लुकास यादेनी
२४ मार्च

इसाउरा,

होविता तुझं पत्र वाचत होती. एका जागी तिचं तोंड थांबलं आणि डोळे चालतच राहिले. मला कागद वाचता येत नाही, पण कागद वाचणारीचं तोंड चांगलं वाचता येतं. म्हटलं, "होविता, तुझे डोळे कुठे निघाले?" म्हणाली, "मावशी, शाईचा डाग आहे." मी म्हटलं, "डाग एवढा लांब? उजवीकडून परत डावीकडे येतोय?" मग रडली आणि सगळं ओकली. आता आम्ही दोघी एकमेकींवर रागावलोय आणि रोज एकत्र चॉकलेट पितोय.

बरं झालं. चोरून ठेवण्यात माझीही दमछाक होत होती.

रविवारी गावसभेत मी उभी राहिले. सगळं सांगितलं. अब्दोन ऐकून घेतो कसं, टोपी मांडीवर ठेवून, जसा काही न्यायाधीश. म्हणाला, "मावशी, तेकियो म्हणजे फावडं. शब्दांना घाम येतो का?" मी म्हटलं, "अब्दोन, तुझ्या बाप्तिस्म्याला तुला मांडीवर मीच धरलं होतं. माझा घागरा ओला झाला होता, तो घामाने नव्हे." बायका हसल्या. बायका हसल्या की पुरुषांना ऐकावं लागतं. मग म्हटलं, "डोंगराचा रस्ता आपण फुकट बांधला. त्यावर फाटक लावलं का? नाही. ही माणसंही फुकट बांधतात, फाटक लावत नाहीत, आणि बिघडलं तर कुणीही येऊन दुरुस्त करतं. याला आपल्यात काय म्हणतात?" मागून कुणीतरी म्हणालं, "तेकियो."

अब्दोनने मांडीवरची टोपी फिरवली. मग म्हणाला, "ठीक. संत लुकासपर्यंत. पण माझी एक अट. रस्ता बांधला म्हणजे त्यावरून गाव चाललं पाहिजे. चाललं नाही, तर तो रस्ता नाही आणि जागा गावाची."

होविताने नवा ब्राउझर बसवला. शेजारच्या खोऱ्याची झापोतेकही लावून बघितली. ती माणसं तोंडात गरम घेवडा धरून बोलतात, लिहूनही तसंच दिसत असणार. सध्या स्पॅनिशच ठेवलंय. पण दात गेले! पार गेले. गावाला जरा चुकल्यासारखं होतंय.

तुला जे शब्द हवेत ते विचार. माझ्याकडे शब्दच आहेत, दात नाहीत.

आजी

•

लॉस एंजेलिस
२८ जून

प्रिय आजी,

झालं! तीन हजार चारशे वाक्यं. चार महिने, रोज धुलाईतून सुटल्यावर. शनिवारी आपल्या गावचे तिघं वाचनालयात येतात, ते तपासतात आणि भांडतात.

तू मागच्या दोन पत्रांत पाठवलेले शब्द सगळे वापरले. पान आठवणीत ठेवायचं असेल तर तू म्हणालीस, "आपली टर्की ओळखायला पायाला लाल दोरा बांधतो ना, तसं." मी "दोरा बांध" असंच ठेवलंय. कुणाला न दिसता बघायची खिडकी म्हणजे "कुंपणाआड". आणि कुसळांना कुसळंच. या ब्राउझरसाठी राबणारा कॅनडातल्या विनिपेगचा एक माणूस आहे, मी त्याला कधी पाहिलेलंही नाही, माझ्या वाक्यांवर नजर ठेवून असतो. त्याला कुसळं इतकी आवडली की म्हणाला, मूळ शब्दापेक्षा हा बरा.

प्रत्येक अक्षर नीट लिहिलंय, प्रत्येक खूण जागच्या जागी, इथल्या वर्गात शिकवतात तशी. पुढच्या आठवड्यात ते आपोआप तुमच्या मशीनवर येईल. होविताताईंनी फक्त "हो" दाबायचं. गाव आपली बोली पहिल्यांदा काचेवर बघेल. कोण काय म्हणालं ते सगळं कळव, एकही शब्द गाळू नकोस.

तुझी,
इसाउरा

•

सान लुकास यादेनी
१९ जुलै

पोरी,

बसून वाच.

सगळं गाव आलं होतं. मी अंड्याचा पाव केला होता, चॉकलेट घुसळलं होतं. होविताने "हो" दाबलं. काचेवर आपली बोली आली. आणि ती कुणाला वाचताच येईना.

मास्तर पुढे झाले, चष्मा पुसला, परत लावला. स्पॅनिश ते धबधब्यासारखं वाचतात. इथे पुलावरच्या गाढवासारखे उभे. अक्षरांच्या डोक्यावर आणि कमरेला त्या खुणा आहेत ना, त्या बघून म्हणाले, "ओळीवर मुंग्या चढल्यात." पाद्रीबाबांना नाही जमलं. कॉफीवाल्या बायकांना नाही. अगं, आपली बोली शाळेत तोंडातून निघाली तर छडी बसायची. ती लिहायला आणि वाचायला कोण शिकवणार होतं? तू तिकडे वर्गात शिकलीस, आणि तुला वाटलं गाव तुझ्याबरोबर शिकलं. अब्दोन टोपी घालून निघून गेला. बोलला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी मशीनं परत स्पॅनिशवर.

एक गोष्ट कबूल करते. त्या दिवशी मास्तरांपासून सगळं गाव माझ्यासारखं होतं. मला वाईट वाटायला हवं होतं. जरासं बरंच वाटलं.

पण पुढचं ऐक. लोक गेल्यावर होविता हट्टाला पेटली. एकेक अक्षर जुळवत, अडखळत, मोठ्याने वाचायला लागली. मी पाव आवरत होते. तिसऱ्यांदा म्हटल्यावर मी वळले. "अगं, दोरा बांध! हे तर मीच सांगितलेलं!" मग पुढचं. तेही कळलं. तेही. बघून कुणालाच कळत नाही, ऐकून सगळ्यांना कळतं. म्हणजे तुझ्या वाक्यांत खोट नाही. मशीन मुकं आहे, एवढंच.

त्याच्या चुलीला कुलूप नाही असं तूच सांगितलंस ना? मग घाल त्यात एक तोंड.

रडून झालं की लाग कामाला. तीन महिने आहेत.

आजी

•

लॉस एंजेलिस
९ ऑगस्ट

आजी,

रडून झालं. चादरींच्या ढिगाआड, दोन दिवस.

शनिवारी गेले आणि तुझं वाक्य जसंच्या तसं विनिपेगच्या माणसाला लिहून पाठवलं. त्याने त्याच्या आजीच्या भाषेसाठी असंच एक काम करून ठेवलं होतं. बटणावर बाण नेला की ते बटण बोलतं. त्याने सगळं उघडं करून मला दिलं. मी विचारलं, याचं मी काय देऊ? म्हणाला, "तुमच्या गावात याला काहीतरी नाव असेलच."

आता मला आवाज हवाय. तुझा. सगळी वाक्यं नकोत, रोज लागतात ती दोनशे बारा पुरेत. होविताताईंनी कानात सांगायचं, तू म्हणायचं, त्यांच्या फोनवर टिपायचं. शांत जागा शोधा. आणि आजी, तुझ्या मनाचं काही घालू नकोस.

इसाउरा

•

सान लुकास यादेनी
२ सप्टेंबर

इसाउरा,

दोनशे बारा झाली. पार्सलवाल्याकडे फोनमधली ती नखाएवढी चकती दिलीय, मिरच्यांच्या पिशवीत आहे, भाजून खाऊ नकोस.

शांत जागा म्हणालीस. दुपारची बंद गिरणी धरली. पण होविताचा टर्की मागेच बांधलेला, सणाच्या मोले रश्श्यासाठी खाऊन खाऊन माजलाय. खिडकी बंद करायच्या वाक्याला तो ओरडला. पुन्हा म्हटलं, पुन्हा ओरडला. तिसऱ्यांदा मी थांबले, तर तोही थांबला, मी तोंड उघडलं, त्यानेही उघडलं. म्हटलं, राहू दे. त्याचेही दिवस भरत आलेत, त्यालाही काही सांगायचं असेल.

आणि मनाचं काही घातलं नाही. अगदी थोडं घातलं. परवलीचा शब्द चुकला की तुझं मशीन नुसतं "चूक" म्हणतं. असं कुणी बोलतं का माणसाशी? मी म्हटलंय, "परत बघ. घाई कुणाची आहे?"

अब्दोन गिरणीवरून चालला होता. दारातून डोकावून म्हणाला, "मावशी, कुणाला ओरडताय?" मी म्हटलं, "अजून तुला नाही."

तुला एक सांगते, पोटात ठेव. अब्दोन सभेत कागद धरतो, पण तो त्याला धड वाचता येत नाही. शेजारच्याचं ऐकून मान हलवतो. मला बरीच वर्षं माहीत आहे. एकाला दुसरा ओळखू येतोच.

आजी

•

लॉस एंजेलिस
२७ सप्टेंबर

आजी,

सगळं जोडून पाठवलं. आज किंवा उद्या तुमच्या मशीनवर येईल.

टर्की काढायचा खूप प्रयत्न केला. तुझा आवाज गेल्याशिवाय तो जात नाही. राहिला.

एकेक वाक्य मी वीस वीस वेळा ऐकलंय. धुलाईखोलीतल्या मुलींना आता "परत बघ" पाठ झालंय, चादरीवर डाग राहिला की एकमेकींना म्हणतात. अकरा वर्षांत माझ्या खोलीत तू एवढी कधी बोलली नव्हतीस.

सतरा तारखेला सभा आहे ना? मी त्या दिवशी काम मागून घेतलंय. रिकामी बसले तर वेडी होईन.

इसाउरा

•

सान लुकास यादेनी
२० ऑक्टोबर

इसाउरा पोरी,

पार्सलवाल्याला एक दिवस थांबवलंय, म्हणून दमाने सांगते.

पहिल्या आठवड्यात पोरंटोरं टर्की ऐकायला यायची. खिडकी उघडायची, बंद करायची, पळायची. मग त्यांच्या आया त्यांना हाकलायला आल्या आणि बसल्या. कॉफीवाल्या बायकांनी भाव स्वतः बघितला, मास्तरांना न विचारता. मास्तर थोडे रुसलेत.

मग एक दिवस, भर दुपारी, गाव झोपलेलं असताना, होविताने खिडकीतून बघितलं. आत अब्दोन. एकटा. कॉफी लावणाऱ्यांच्या सरकारी यादीत नाव घालायचं होतं, ते आजवर दुसऱ्याकडून भरून घ्यायचा. दोन बोटांनी दाबत होता. परवलीचा शब्द चुकला. मशीन माझ्या आवाजात म्हणालं, "परत बघ. घाई कुणाची आहे?" होविता शपथेवर सांगते, आणि यावेळी तिचे हात धुतलेले होते, की अब्दोनने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग परत बघितलं. मग जमलं.

सतराला सभा. हजेरी सुरू झाली. तुझं नाव आलं. मी खांद्यावरच्या रेबोसोचं टोक माझ्या चार दातांत धरून ठेवलं होतं, म्हणजे तोंडातून "आहे" निघायला नको. कारकुनाची पेन्सिल वर. अब्दोन उठला. म्हणाला, "हजेरी ज्याची त्याने द्यायची, हा नियम आहे. तो मी मोडणार नाही. पण मी म्हटलं होतं, गाव चाललं तर रस्ता. चाललं की नाही ते गावानेच सांगावं. जे चालले त्यांनी हात वर करा."

आधी बायकांचे. मग पाद्रीबाबा. मग मास्तर, कोपरापर्यंतच. मग तर खाली राहिलेले हात शोधावे लागत होते. आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यांचं बघून झाल्यावर, अब्दोनने स्वतःचा हात वर केला. नुसता वर केला नाही, तसाच धरून ठेवला. म्हणाला, "मला स्पॅनिश वाचता येत नव्हतं. आता लागतही नाही. लिहा, दिला तिने तेकियो."

जागा तुझी आहे, पोरी. लिहिलं गेलं. शिक्का बसला.

आता वाईट बातमी. तू एवढं छान काम केलंस म्हणून सभेने तुला पुढच्या वर्षीचंही दिलं. उरलेली तीन हजार वाक्यं बोलती करायची. आणि मलाही. यादीत माझं नाव पहिल्यांदा लागलं, सिरिला, आवाज. एक्याऐंशीव्या वर्षी मला नोकरी लागली आणि पगार नाही.

अठराला सण झाला. टर्की मोलेत गेला, चांगला लागला. जेवणं झाल्यावर पोरं त्या खोलीत धावली आणि एकाने खिडकी बंद केली, तर आतून तो ओरडला, जसाच्या तसा. हातात हाड धरलेला कारकून दचकला. मी खूप हसले. मग मनात आलं, म्हणजे मीही अशीच कुणालातरी घाई कुणाची आहे विचारत राहणार. हरकत नाही. माझी सवयच आहे.

पीचच्या झाडाखाली तुझ्या घराच्या चार कोपऱ्यांना चार दगड ठेवून घेतलेत. अब्दोननेच आणले, फावड्याने जागा केली, घाम आला त्याला. तुझे कागद सुटले की ये. त्या कचेरीवाल्यांना परत बघायला सांग, आणि आपल्याकडून सांग, घाई आहे.

तुझी आजी,
सिरिला

ता.क. हे मी, होविता. यावेळी लपवण्यासारखं काही नाही. तरी मावशी शेजारी बसून माझ्या डोळ्यांकडे बघतायत.